पोटीस ते बाही : ब्रिटिश रेडियल इंजिनांचं डोकं थंड कसं झालं

एका मुलाने मला काही प्रश्न विचारलेत. त्याने दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात वेस्टलँड वापिती हे जुनं विमान पाहिलं. नाकावर गोलाकार लावलेले नऊ सिलिंडर, वर झाकण नाही की काही नाही. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत. पाण्याने थंड होणारी चांगली इंजिनं हाताशी असताना ब्रिटिशांनी दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं या हवेवर थंड होणाऱ्या रेडियलच्या, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर लावलेल्या इंजिनाच्या, मागे का घालवली? ज्युपिटर, मर्क्युरी, पेगॅसस ही एकाच इंजिनाची नावं की वेगवेगळी? आणि शेवटी ते ‘स्लीव्ह व्हॉल्व्ह’च्या वाटेला का गेले, ती चूक होती का? जाता जाता चौथाही एक प्रश्न आहे, लायसँडर विमानाच्या नाकावरच्या तपकिरी पट्ट्याचा. तो शेवटी घेतो.

आधी माझी मर्यादा सांगून टाकतो. मी चाळीस वर्षं विमानांच्या इंजिनांची देखभाल केली, त्यातली पहिली चौदा रेडियलवर गेली. हार्वर्ड आणि ऑटरचं नऊ सिलिंडरचं वास्प, डकोटाचं चौदा सिलिंडरचं ट्विन वास्प. दोन्ही अमेरिकन. ज्या ब्रिटिश कंपनीची ही गोष्ट मुख्यतः आहे त्या ब्रिस्टलचं चालतं इंजिन माझ्या हाताखाली कधी आलं नाही. शिकत असताना वर्गात कापून ठेवलेलं त्यांचं सेंटॉरस इंजिन मात्र तासन्‌तास हाताने फिरवून पाहिलंय, आणि ते इंजिन असलेल्या टेम्पेस्ट विमानावर काम केलेल्या जुन्या लोकांकडून त्याच्या तक्रारी चहाबरोबर ऐकल्यात.

या सगळ्या कहाणीचं मर्म एका जागी आहे. सिलिंडरचं डोकं, त्यातही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, भोवतीची दोन बोटं जागा. तिथली उष्णता बाहेर काढता आली तर इंजिन चालतं, नाही काढता आली तर व्हॉल्व्ह जळतो, डोक्याला तडा जातो, पिस्टन धरतो म्हणजे अडकून बसतो. पाण्याच्या इंजिनात त्या जागेभोवती पाणी खेळवता येतं. हवेच्या इंजिनात तिथे धातूच्या पातळ पात्या उभ्या करायच्या आणि त्यांच्यामधून वारा जाईल अशी व्यवस्था करायची. वीस वर्षं भांडण चाललं ते या दोन बोटांच्या जागेसाठी.

मग एवढा त्रास कशाला, पाणीच का नाही? वजन हे पहिलं कारण. रेडिएटर, पाइप, पंप आणि खुद्द पाणी, सगळं विमानाने उचलून न्यायचं. रेडियलला यातलं काहीच नको. शिवाय सिलिंडर एकाच वर्तुळात बसल्यामुळे क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) आखूड होतो, त्याची पेटी म्हणजे क्रँककेस छोटा होतो. दुसरं कारण ब्रिटिशांच्या साम्राज्याचं. १९२० च्या दशकात त्यांच्या हवाई दलाचं बरंचसं काम इराकमध्ये आणि आपल्या वायव्य सरहद्दीवर होतं. वाळवंटातल्या तळावर रेडिएटर गळायला लागला की विमान जमिनीवर. नऊपैकी एका सिलिंडरला गोळी लागली तर रेडियल खडखडत का होईना घरी आणतं. रेडिएटरला भोक पडलं की काही मिनिटांत खेळ संपला. अर्थात हे कारण लोक जरा जास्तच ताणतात. त्याच सरहद्दीवर केस्ट्रल इंजिनाची हॉकर हार्टही उडत होती आणि ते इंजिन पाण्याचं. तेव्हा ‘उष्ण देशात पाण्याचं इंजिन चालत नाही’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. चालतं, फक्त त्याचे लाड करावे लागतात.

ब्रिटिशांची सुरुवात मात्र फजितीने झाली. १९१७-१८ मध्ये एबीसी कंपनीच्या ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉने ड्रॅगनफ्लाय नावाचं नऊ सिलिंडरचं रेडियल मांडलं. ३४० अश्वशक्ती, वजन ६०० पौंड, बनवायला सोपं. कागदावर इतकं गोड की सरकारने पुरती चाचणी होण्याआधीच अकरा हजारांच्या आसपास इंजिनांची मागणी नोंदवली आणि इतर इंजिनांचे कारखानेही त्याच्या कामाला लावले. प्रत्यक्षात ताकद कमी भरली, वजन जास्त भरलं. सिलिंडरच्या पोलादी पात्यांवर तांब्याचा मुलामा दिला की उष्णता झटकन निघून जाते असा ब्रॅडशॉचा दावा होता. तो फोल ठरला, इंजिन भयंकर तापायचं. पण खरा घात वेगळाच होता. क्रँकशाफ्टला पीळ बसून तो ज्या वेगाला स्वतःच थरथरू लागतो, नेमक्या त्याच वेगाला हे इंजिन चालायचं होतं. झोपाळ्याला दर वेळी बरोबर टोकाला असताना धक्का दिला तर तो चढतच जातो, तसं. थोड्या तासांत शाफ्ट मोडायचा. त्या काळी या थरथरीचं गणित फारसं कोणाला उमगलेलं नव्हतं. हजाराच्या वर इंजिनं बनून पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबलं म्हणून, नाहीतर १९१९ च्या नव्या विमानांपैकी कितीतरी याच इंजिनावर अवलंबून होती.

त्याच वेळी फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात दोन माणसं निमूट काम करत होती, प्राध्यापक ए. एच. गिब्सन आणि सॅम हेरन. त्यांनी एकेक सिलिंडर चालवून तापमानं मोजली आणि काही साध्या गोष्टी ठरवल्या. डोकं अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं हवं, कारण तो उष्णता पोलादाच्या तीन-चार पट वेगाने वाहून नेतो. नळकांडं पोलादाचं हवं, कारण पिस्टनच्या घासाला तेच टिकतं. दोन्ही आट्यांनी घट्ट जोडायचे. डोक्याची पोकळी अर्ध्या वाटीसारखी, त्यात तिरके बसवलेले दोनच व्हॉल्व्ह, म्हणजे मधे हवा जायला जागा राहते. आज हे वाचून ‘यात काय विशेष’ असं वाटेल. वाटू द्या. पुढे हवेवर थंड होणारं जे जे मोठं इंजिन यशस्वी झालं, त्यातल्या बहुतेकांनी यातलं काही ना काही उचललं.

हेरनचं पुढचं आयुष्य मजेदार आहे. तो कॉव्हेंट्रीला जॉन सिडलीच्या कंपनीत गेला, मालकाशी पटलं नाही, नोकरी सोडली आणि १९२१ मध्ये अमेरिका गाठली. तिथे त्याने सोडियम भरलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह विकसित केला. व्हॉल्व्हची दांडी पोकळ करायची, तिच्यात अर्ध्यापर्यंत सोडियम भरायचं. ते ९८ अंशांना वितळतं. मग व्हॉल्व्ह वरखाली होताना आतला पातळ सोडियम डचमळतो आणि टाळूची उष्णता दांडीतून वर नेऊन टाकतो. लिंडबर्गने १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडला त्या राइट व्हर्लविंडच्या सिलिंडरामागे हेरनचंच डोकं होतं. मी ज्या वास्पवर हात काळे केले त्याचं दोन व्हॉल्व्हचं वाटीसारखं डोकं पाहिलं की मला अमेरिका आठवत नाही, फार्नबरो आठवतं. आमच्या वर्कशॉपमध्ये वाकडा झालेला असा व्हॉल्व्ह भंगारात टाकण्याआधी वेगळा ठेवायची सक्त ताकीद होती. कोणी हौसेने करवतीने कापला आणि आतल्या सोडियमला पाणी लागलं तर भडका.

सिडलीच्या कंपनीने त्याच फार्नबरोच्या आराखड्यातून जॅग्वार काढलं. दोन रांगा, सात-सात सिलिंडर. गिअरने चालणारा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नियमित उत्पादनात पहिल्यांदा आणणाऱ्या इंजिनांत त्याचं नाव आघाडीवर आहे. सिस्किन या लढाऊ विमानात आणि इंपीरियल एअरवेजच्या तीन इंजिनांच्या आर्गोसीत ते होतं. पण त्याच्या क्रँकशाफ्टला मधला बेअरिंग नव्हता. दोन रांगांचा मार दोन टोकांच्या आधारावर पेलायचा म्हणजे शाफ्ट मधे वाकणार, थरथरणार. हा दोष त्यांच्या पुढच्या मोठ्या इंजिनांनाही भोवला. छोट्या इंजिनांत मात्र या कंपनीचा हात बसला होता. जॅग्वारची एकच रांग म्हणजे सात सिलिंडरचं लिंक्स, त्याच्याच वंशातलं चीता. अॅन्सन आणि ऑक्सफर्डमध्ये बसून चीताने वैमानिकांच्या पिढ्या शिकवल्या. रॉचेस्टरला पॉबजॉय नावाची एक छोटी कंपनीही होती, तिचं इवलंसं सात सिलिंडरचं रेडियल मिनिटाला तीन हजारांवर फेरे घ्यायचं आणि प्रोपेलर गिअरने हळू फिरवायचं. देखणं इंजिन, पण तो वेगळा विषय.

आता वापितीकडे. त्याचं ज्युपिटर हे रॉय फेडन आणि लेनर्ड बटलर या जोडीचं अपत्य. ब्रिस्टल शहराजवळ फिशपाँड्सला कॉसमॉस कंपनीत त्यांनी ते आखलं. नऊ सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास पावणेसहा इंच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव साडेसात इंच, एकूण २८.७ लिटर. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस ते पहिल्यांदा चाललं, म्हणजे युद्ध संपायला दोन आठवडे उरले असताना. मग मागणी कोण देणार? १९२० मध्ये कॉसमॉस बुडाली. ब्रिस्टल विमान कंपनीने काहीशा अनिच्छेने, हवाई मंत्रालयाच्या आग्रहावरून, ती माणसं, ती इंजिनं आणि ते आराखडे १५ हजार पौंडांना घेतले. १९२१ मध्ये ज्युपिटर मंत्रालयाच्या कडक चाचणीतून पार पडलं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ते पहिलंच.

ज्युपिटरमध्ये मेकॅनिकच्या नजरेने पाहण्यासारखं खूप आहे. त्याला तीन कार्ब्युरेटर. मागच्या बाजूला तीन सर्पिल वाटा, प्रत्येक कार्ब्युरेटर मधले दोन-दोन सोडून म्हणजे सारख्या अंतरावरच्या तीन सिलिंडरांना मिश्रण पुरवतो. एक कार्ब्युरेटर चोंदला तर तीन सिलिंडर मरतात, पण ते वर्तुळात समान विखुरलेले असल्यामुळे उरलेले सहा इंजिनाला झटके न देता चालत राहतात. हे ज्याने सुचवलं त्याने रात्रीच्या अंधारात बंद पडणाऱ्या इंजिनाखाली कधीतरी घाम गाळलेला असणार.

दुसरी गोष्ट टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतल्या फटीची. आमच्या वास्पला थंड इंजिनावर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी डोलती दांडी) आणि व्हॉल्व्हच्या मधे दहा थाऊ फट ठेवायची, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फीलर गेज म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घालायची, हलकीशी अडखळली पाहिजे. इंजिन तापलं की सिलिंडर लांबतो, डोक्यावर बसलेला रॉकर बाहेर सरकतो, खालून रॉकर ढकलणारा पुशरॉड तितका लांबत नाही, आणि दहा थाऊची फट कितीतरी वाढते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, टकटक वाढते. फेडनच्या माणसांनी ज्युपिटरच्या रॉकरचा आधार असा बांधला की सिलिंडर कितीही वाढला तरी फट जवळपास तीच राहावी. मात्र हे सगळं उघड्यावर होतं आणि त्याला हाताने ग्रीस द्यावं लागे. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह म्हणजे एकूण ३६. वास्पला १८. वाळू उडणाऱ्या तळावर ३६ व्हॉल्व्हांची उघडी यंत्रणा साफ करून ग्रीस देणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

ती माणसं कोण होती, हेही सांगायला हवं. ८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दल कागदावर आलं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली तुकडी उभी राहिली. विमानं चार, सगळी वापिती. तिथले १९ हवाई सिपाही म्हणजे भारतीय हवाई दलातले पहिले तंत्रज्ञ. आमचे व्यवसायातले पणजोबाच म्हणा. त्यांनी हात घातला तो ज्युपिटरला.

आता ज्युपिटरची दुखरी जागा. त्याचं नळकांडं पोलादाचं, आणि त्याचं वरचं तोंडही पोलादानेच बंद केलेलं, सपाट. व्हॉल्व्ह त्या पोलादी छतातच बसायचे. वरून अॅल्युमिनियमचं डोकं बोल्टने आवळलेलं. ब्रिटिश मेकॅनिक त्याला ‘पोल्टिस’ म्हणत, आपलं पोटीस. गळवावर अळशीचं पोटीस बांधतात ते चिकटून असेपर्यंत शेक लागतो. सुटलं की उपयोग नाही. इथेही तेच. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त पसरतं, दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, आणि छताची उष्णता डोक्याच्या पात्यांपर्यंत पोचतच नाही. पात्या कितीही सुंदर असोत, त्यांच्यापर्यंत काही आलं तर त्या वाऱ्याला देणार! परिणाम ठरलेला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचे. ज्युपिटर विश्वासू म्हणून गाजलं, पण त्याची ताकद वाढवायची म्हटलं की हे पोटीस आड यायचं.

१९२० च्या दशकाच्या शेवटी ब्रिस्टलने पोटीस काढून टाकलं. नवीन डोकं मिश्रधातूच्या घडीव गोळ्यातून कोरलेलं, आतून आटे पाडलेलं. ते चांगलं तापवायचं, थंड नळकांड्यावर आट्यांनी चढवायचं, आणि निवलं की ते नळकांड्याला असं आवळून धरतं की पुन्हा निघत नाही. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो तीच रीत. भट्टीत लाल केलेली धाव चाकावर टाकायची, पाणी ओतायचं, लाकूड करकरतं आणि धाव बसते. मी लहानपणी हे गावात पाहिलंय, आणि पुढे सिलिंडर-डोक्याच्या जोडाचं चित्र फळ्यावर काढून शिकवलं तेव्हा मास्तरांच्या आधी मला कळलं होतं. ज्युपिटरच्या नावात शेवटी ‘एफ’ आला तो या घडीव डोक्याचा. त्या एका बदलाने पुढची दहा वर्षं मोकळी केली.

नावांचा गोंधळ आता सुटतो. मर्क्युरी म्हणजे ज्युपिटरचाच बोअर, पण स्ट्रोक साडेसहा इंचांवर आणलेला, २४.९ लिटर. आखूड स्ट्रोकमुळे फेरे वाढवता येतात आणि इंजिनाचा घेर कमी होतो, म्हणून ते वेगवान विमानांसाठी. पेगॅसस म्हणजे ज्युपिटरचाच बोअर आणि स्ट्रोक ठेवून, घडीव डोकं, झाकलेली व्हॉल्व्ह यंत्रणा आणि सुपरचार्जर यांसह नव्याने उभं केलेलं इंजिन, १९३२ चं. ते ओझं वाहणाऱ्या विमानांसाठी. थोडक्यात, एकाच घरातले दोन भाऊ, एक धावणारा, एक हमाल. मर्क्युरी ग्लॅडिएटर, ब्लेनहाइम, लायसँडरमध्ये. पेगॅसस स्वोर्डफिश, सुरुवातीचं वेलिंग्टन, सन्डरलँड आणि एंपायर उडत्या नौकांमध्ये. ज्युपिटरच्या ४०० अश्वशक्तीच्या जागी तेवढ्याच २८.७ लिटरमधून पेगॅससने १९३० च्या दशकाच्या अखेरीस हजार काढली.

मर्क्युरीचं पदार्पण मात्र दुर्दैवी. श्नायडर चषकाच्या शर्यतीसाठी १९२७ मध्ये ते शॉर्ट क्रुसेडर या छोट्या जलविमानात बसवलं. सप्टेंबरमध्ये व्हेनिसला विमान पुन्हा जोडून उडवलं आणि ते उडताक्षणी पाण्यात आदळलं. वैमानिक वाचला. कारण निघालं, एलेरॉनच्या म्हणजे विमान झुकवणाऱ्या पंखावरच्या हलत्या झडपांच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. उजवीकडे कांडी दिली की विमान डावीकडे झुकायचं. इंजिनाचा काही दोष नाही. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो. तार जोडल्यावर एकाने आत कांडी हलवायची, दुसऱ्याने बाहेर उभं राहून पंख पाहायचा आणि मोठ्याने सांगायचं. लाज वाटून घ्यायची नाही.

१९३५ मध्ये ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांच्यासाठी ब्रिस्टलने दोन मर्क्युरी लावून एक खासगी विमान बांधलं. हवाई दलाच्या चाचणीत ते ताशी ३०७ मैल गेलं. त्या वेळची हवाई दलाची लढाऊ विमानं मागे पडली आणि त्यातून ब्लेनहाइम आलं. पेगॅससचा पराक्रम तर आपल्या अंगणातला. ३ एप्रिल १९३३ ला बिहारमधल्या पूर्णियाजवळून दोन वेस्टलँड विमानं निघाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली, दोन्हींत सुपरचार्जर लावलेलं पेगॅसस. विरळ हवेत इंजिनाला श्वास पुरवणं हे सुपरचार्जरचं काम, पण तिथे दुसरी अडचणही असते जी कमी लोकांच्या लक्षात येते: हवा गोठवणारी थंड असली तरी इतकी विरळ की पात्यांवरून उष्णता उचलायला तिच्यात वजनच कमी. डोकं तिथेही तापू शकतं.

उघड्या सिलिंडरांबद्दल थोडं. वापितीच्या काळी वेग कमी होता, वारा थेट लागलेला बरा असा हिशेब. पण नऊ सिलिंडर वाऱ्यात उभे म्हणजे नऊ खांब. मागे भोवरे पडतात आणि विमान ओढलं जातं. १९२९ मध्ये टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या ह्युबर्ट टाउनेंड यांनी सिलिंडरांभोवती एक अरुंद कडं बसवून हा विरोध पुष्कळ कमी केला. अमेरिकेत एनएसीए या सरकारी विमान संशोधन संस्थेने थोडं आधी लांब काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या, वाटेने तेच साधलं होतं. मग लांब काउलिंग, सिलिंडरांच्या मधून हवा वळवणारे पत्रे, मागे उघडझाप करणाऱ्या फटी असा प्रवास झाला. आमच्या डकोटाला त्या फटी होत्या. जमिनीवर उघड्या ठेवायच्या, आणि सिलिंडर-डोक्याच्या तापमानाच्या काट्यावर डोळा.

आता फेडनची बाही. स्लीव्हला दुसरं काय म्हणणार! १९२० च्या दशकाच्या मध्यात फेडनपुढे प्रश्न होता की नऊ सिलिंडरच्या पुढे कसं जायचं. दुसरी रांग लावायची तर चार व्हॉल्व्हचं डोकं मागच्या रांगेत कसं बसवणार, पुशरॉड कुठून नेणार, एक्झॉस्ट कुठे काढणार? शिवाय जळणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा कायमचा ताप. तेव्हा हॅरी रिकार्डो हा ब्रिटिश इंजिन-संशोधक सांगत होता की तो लाल झालेला व्हॉल्व्हच ज्वलनाच्या पोकळीतून काढून टाका. मग इंधन अवेळी पेटणार नाही आणि जास्त दाब देता येईल.

वर्गातल्या सेंटॉरसची दांडी फिरवली की जे दिसायचं ते असं. पिस्टन आणि बाहेरचं नळकांडं यांच्यामध्ये पोलादाची एक पातळ बाही आहे, वरच्या भागात तिला चार खिडक्या. नळकांड्याला पाच: तीन आत घेणाऱ्या, दोन बाहेर सोडणाऱ्या. खाली एक छोटी क्रँक इंजिनाच्या अर्ध्या वेगाने फिरते आणि बाहीला वरखाली करताकरता थोडी डावीउजवीकडेही वळवते. बाहीवर खडूची खूण केली तर ती हवेत लांबट वर्तुळ काढते. खिडक्या एकमेकींसमोर आल्या की वाट उघडी, सरकल्या की बंद. बाहीची एक खिडकी तर दोन्ही कामं करते, आधी बाहेर सोडते आणि मग आत घेते. पुशरॉड नाही, रॉकर नाही, स्प्रिंग नाही, टॅपेटची फट नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढं सोपं असताना आम्ही फीलर गेज घेऊन का मरतोय?

का, ते नंतर कळलं. पर्सियस हे बाहीचं पहिलं इंजिन १९३२ मध्ये चाललं आणि चाचण्याही पास झालं. पण कसबी माणसाने जुळवून बसवलेल्या बाह्या चालत. एका सिलिंडरची बाही दुसऱ्याला घातली की तेल खायची किंवा धरायची. एवढी पातळ नळी पूर्ण गोल ठेवणं, तापल्यावरही गोल ठेवणं, आणि हजारोंनी तशीच बनवणं यात ब्रिस्टलची वर्षं आणि पैसा गेला. १९३८ च्या सुमाराला फिरत्या साच्यात ओतून केलेल्या पोलादाच्या, नायट्रोजनने कठीण केलेल्या बाह्या हाती आल्या तेव्हा गाडी रुळावर आली. तोवर चौदा सिलिंडरचं हर्क्युलिस १९३६ मध्ये आणि अठरा सिलिंडरचं सेंटॉरस १९३८ मध्ये चालून झालं होतं. टॉरस हे त्यातलं लहान भावंड मात्र तापण्यासाठी बदनाम झालं. आणि गंमत पाहा, व्हॉल्व्ह गेला तरी डोक्याची भानगड गेली नाहीच. बाहीच्या इंजिनात डोकं म्हणजे वरून आत घुसवलेला उलटा पिस्टन, खोल विहिरीसारखा. त्या विहिरीच्या तळाशी वारा पोचवायचा ही नवी डोकेदुखी. जुने लोक सांगायचे की सेंटॉरस सुरू करताना निळा धूर असा निघायचा की नवा माणूस आग विझवायला धावायचा.

तर चूक होती का? माझं मत ऐका, पटलं नाही तर सोडून द्या. फेडनने पाहिलेली अडचण खरी होती, पण तिच्यातली निम्मी त्याने स्वतः ओढवून घेतलेली. चार व्हॉल्व्हचा हट्ट सोडून हेरनचं दोन व्हॉल्व्हचं डोकं आणि सोडियमचा व्हॉल्व्ह घेतला असता तर दोन रांगा बसल्या असत्या. अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्विन वास्प तसंच केलं, फ्रान्समध्ये नोम-रोननेही ज्युपिटरचा परवाना घेऊन शिकल्यावर स्वतःची दोन रांगांची इंजिनं पॉपेट म्हणजे नेहमीच्या वरखाली होणाऱ्या व्हॉल्व्हवरच काढली. इंधनही सुधारत गेलं, ८७ ऑक्टेन, मग १०० ऑक्टेन (आकडा जास्त तितकं ते अवेळी पेटणं कमी), त्यामुळे रिकार्डोच्या युक्तिवादातली धार बोथट झाली. ब्रिस्टल तेवढ्या काळात एका रांगेवर अडकून राहिलं. दुसरी बाजू अशी की एकदा जमल्यावर हर्क्युलिस उत्तम इंजिन ठरलं, पन्नास हजारांहून अधिक बनली, आणि व्हॉल्व्हची देखभाल नसलेलं रेडियल हे कोणत्याही फिटरचं स्वप्न. लांबच्या वाटेने गेले, पण पोचले. फेडनला १९४२ मध्ये सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी संचालकांशी वाद होऊन त्याला कंपनी सोडावी लागली.

बाहीचं असो की व्हॉल्व्हचं, रेडियलची एक खोड सगळ्यांना सारखी, आणि तुम्हाला कधी असं इंजिन सुरू करायची संधी मिळाली तर ती माहीत हवी. खालचे सिलिंडर उलटे लटकतात. इंजिन रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून त्यांच्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रोपेलर हाताने फिरवायचा. डकोटाला आम्ही प्रोपेलरची नऊ पाती समोरून जाईपर्यंत मोजायचो. एका पहाटे थंडी होती, घाई होती, मी सहा मोजून ‘झालं’ म्हटलं. सातव्याला अडलं असतं. स्टार्टरने तो अडसर तोडला, इंजिन चालूही झालं, आणि वाकलेला रॉड वीस तासांनी तुटला. विमान जमिनीवर होतं म्हणून मी हे लिहितोय.

राहिला लायसँडरच्या नाकाचा तपकिरी पट्टा. तो रंग नाही. चार व्हॉल्व्हच्या मर्क्युरीत एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला असतात, म्हणजे समोरून येणारा थंड वारा सगळ्यात आधी त्या दोन बोटांच्या जागेवर पडावा. त्यामुळे जळका वायूही पुढूनच निघतो आणि काउलिंगच्या पुढच्या कडेचं पोकळ कडं तो गोळा करून एका नळीतून मागे सोडतं. त्या कड्याचं पोलाद तापून तापून तसं दिसतं.